‘परावलंबी कारणे’ की ‘निगडित कारणे’?

प्रश्न असा आहे: ट्रॉलरच्या इंजिनांवर मराठीत टिपण लिहिताना ‘रिपेअरेबल सिस्टीम’साठी ‘दुरुस्तीयोग्य यंत्रणा’ आणि ‘डिपेंडंट कॉजेस ऑफ फेल्युअर’साठी ‘बिघाडाची परावलंबी कारणे’ असे लिहिले तर चालेल का?

पहिला शब्द चालेल. मात्र ‘इंजिन दुरुस्तीयोग्य आहे’ याचा अर्थ मेस्त (इंजिन दुरुस्त करणारा मिस्त्री) ‘अजून भंगारात काढू नका’ असा घेईल, म्हणून मी ‘दुरुस्त करून वापरायची यंत्रणा’ असे लिहीन.

‘परावलंबी’ नकोच. परावलंबी म्हटले की एक टेकणारा आणि एक आधार देणारा आला, म्हणजे दिशा आली. संख्याशास्त्राचा दावा त्याहून लहान आहे: एका कारणाने बिघाड झाल्याचे कळले तर दुसऱ्याची शक्यता बदलते, इतकेच.

गोव्यात मालिमच्या मासेमारी जेटीवर दोन्ही तऱ्हा भेटतील, दिशा असलेली आणि नसलेली. समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पात्यांचे चक्र, कोरडा फिरला की त्याची पाती तुटतात, तुकडे इंजिन थंड ठेवणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या तोंडाशी अडकतात आणि इंजिन तापते. इथे दिशा आहे, ‘अवलंबी’ शोभेल. पण १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या ६१ दिवसांत ट्रॉलर उभा असतो. इम्पेलरची दाबलेली पाती तशीच वाकून बसतात, आणि अर्धवट भरलेल्या डिझेल टाकीत दमट हवेचे पाणी साचते. ऑगस्टमध्ये पंप आणि फिल्टर पाठोपाठ दगा देतात. यात कोण कोणावर अवलंबून? कोणीच नाही. दोघांना बांधणारी गोष्ट तिसरीच आहे.

त्यासाठी ‘निगडित’ घ्या. संस्कृतात ‘निगड’ म्हणजे पायातली बेडी. निगडित म्हणजे बेडीने बांधलेले. बेडी कोणी घातली हे हा शब्द सांगत नाही, आणि पुष्कळदा नोंदीही सांगत नाहीत. ‘पहिला बिघाड केव्हा आणि कशामुळे’ एवढेच ठाऊक असेल, तर कारणे स्वतंत्र की निगडित हे त्यावरून ठरत नाही, असे संख्याशास्त्रज्ञ त्सिआतिस यांनी १९७५ मध्ये दाखवले. दुरुस्त होणाऱ्या इंजिनात सोय अशी की त्याच बोटीवर बिघाड पुन्हा पुन्हा घडतात. ज्या बोटीचा पंप जास्त वेळा जातो, तिचाच फिल्टर जास्त वेळा तुंबतो का, हे पाहता येते. त्यासाठी वहीत बोट, इंजिनाचे तास आणि कारण हे तिन्ही रकाने हवेत. नुसते ‘मशीन बंद’ लिहून भागत नाही.

आता ‘फेल्युअर’. आपल्या बोलण्यात बेअरिंग ‘जाते’, इंजिन ‘बिघडते’. हा भेद फार मोलाचा आहे, तो परिभाषेतही जपा: सुटा भाग ‘निकामी होतो’, यंत्रणेत ‘बिघाड’ होतो. दोन्हींना ‘बिघाडदर’ हा एकच शब्द लावला की हिशेब चुकतो. समजा, २००० तासांच्या नोंदीत ८००, १४००, १७०० आणि १९०० व्या तासाला बिघाड झाले. दुसऱ्या इंजिनात तीच अंतरे उलट क्रमाने आली: २००, ५००, ११००, १९००. सरासरी अंतर दोन्हीकडे ४७५ तास. पण घातनियमाच्या (पॉवर लॉ) प्रतिमानात, म्हणजे एकूण बिघाड तासांच्या एखाद्या घाताप्रमाणे वाढतात असे धरून, २००० ला प्रत्येक बिघाडाच्या तासाने भागून, त्यांचे नैसर्गिक लॉगॅरिदम मिळवून, त्या बेरजेने बिघाडांच्या संख्येला, म्हणजे ४ ला, भागले की घातांक पहिल्यात २.६९ येतो आणि दुसऱ्यात ०.९२. एकाच्या बराच वर म्हणजे पहिले इंजिन ढासळत चालले आहे. सुट्या भागांची आयुष्ये समजून अंतरे एका ढिगात टाकली, तर हा फरक पुसून जातो.