मोटर बंद केली की स्क्रीन आपोआप दबते

प्रश्न : नमस्कार सर, संत्र्याच्या बागेसाठी ठिबकचं कंट्रोलर घरीच बनवलं, ईएसपी32 बोर्ड अन् पाच इंची कपॅसिटिव्ह टच स्क्रीन. टेबलावर एकदम मस्त चालते पण विहिरीवरच्या पेटीत बसवलं की स्टार्टर सुटताच स्क्रीन आपोआप दबते, पान बदलते, एकदा तं तीन नंबरचा व्हॉल्व्हच सुरू झाला. कोडात डिबाऊन्स, म्हणजे क्षणभराचा टच न मोजण्याची वेळ, वाढवून पाह्यला, फरक नाही. स्क्रीनच खराब निघाली का? दुसरी मागवू का?
– एक वाचक, वरूड तालुका

उत्तर : भाऊ, मागवू नका. टेबलावर चालते म्हणजे स्क्रीन चांगली आहे. बोट टेकलं की काचेखाली कपॅसिटन्सचा, म्हणजे विजेचा भार धरायच्या क्षमतेचा, अगदी इवलासा फरक पडतो, टचची चिप तेवढाच मोजत बसलेली असते, अन् तुम्ही तिला नेऊन बसवलं कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे स्टार्टरमधल्या मोटर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या, मांडीवर! त्याची कॉइल सुटताना जो झटका उठतो तो तिला बोटच वाटतो.

आधी हा झटका, म्हणजे नॉइज, कोणत्या वाटेनं येतो ते पाहा, खरेदी नंतर. बाकी सगळं तसंच ठेवून बोर्ड फक्त पॉवर बँकेवर चालवा अन् कोणाला तरी स्टार्टरचं बटण दाबायला लावा. त्रास थांबला तर दोष सप्लायचा, स्वस्तातल्या दोन पिनी अडॅप्टरचं हे नेहमीचंच. अर्थिंगचं टर्मिनल असलेला चांगला 5 व्होल्टचा सप्लाय घ्या, बोर्डाजवळ वायरवर फेराइट, म्हणजे नॉइज अडवणारं कडं, चढवा. नाही थांबला तर बोर्डाकडून स्टार्टरला जाणाऱ्या वायरी काढून परत पाहा, अन् तरीही राहिला तर सरळ बोर्ड वेगळ्या डब्यात न्या.

अर्थिंग आहे असं सगळेच सांगतात, पण आपली काळी माती एप्रिल-मे मध्ये भेगाळते, रॉडभोवती पोकळ होते, मग पावसाळ्यात चाललेलं अर्थिंग उन्हाळ्यात नावालाच उरते. खड्ड्यात पाणी टाकत जा. पेटीला रंगावरूनच नट आवळला असेल तर तोही बिनकामाचा, रंग खरवडून आवळा.

झटका जागच्या जागी मारायचा तर कॉइलच्या दोन टोकांवर आरसी स्नबर लावा, म्हणजे 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अन् 100 ओहमचा रेझिस्टर, सिरीजमध्ये. पण आधी कॉइलवर लिहिलेलं व्होल्टेज वाचा, शेतातल्या बऱ्याच स्टार्टरची कॉइल 415 ची असते, तिथं 275 व्होल्टचा कपॅसिटर टाकला तर तो फुटेल, त्यापेक्षा दुकानात कॉइलचं व्होल्टेज सांगून तयार सप्रेसर मागा. यूट्यूब पाहून एसी कॉइलवर डायोड तर बिलकुल लावू नका. अन् लाईन गेली आहे म्हणून पेटीत हात घालू नका, ऑटो स्विच असला तर लाईन येताच मोटर उठते, आधी मेन पाडा, फ्यूज काढा.

कोडाचं म्हणाल तर स्टार्टरला हुकूम देणारा बोर्डाचा रिले सोडताना अर्धा सेकंद टच वाचूच नका असं करता येते, पण लाईन गेल्यावर स्टार्टर स्वतःहून पडतो ते कोडाला कुठं कळते? म्हणून व्हॉल्व्ह एका टचवर ठेवूच नका, दोन सेकंद दाबून धरा अन् मग दुसऱ्या कोपऱ्यात "हो" दाबा, असं ठेवा. टचची चिप उत्तर देईनाशी झाली तर तिची रिसेट पिन हलवायची सोयही कोडातच करा.

मला विचाराल तर विहिरीवर रेझिस्टिव्ह, म्हणजे दाबानं चालणारा, टचच बरा. उन्हात थोडा फिका दिसतो, पण दाबल्याशिवाय सहसा हलत नाही अन् चिखलाच्या हातानंही चालतो.