ऑस्टिओपॉन्टिन टाकूनही खनिज जमतंय? आधी प्रथिन कुठून आलं ते पाहा

"ऑस्टिओपॉन्टिन खनिज रोखतं असं सगळीकडे वाचलं, पण माझ्या नळीत ते टाकलं काय, न टाकलं काय, कॅल्शियम फॉस्फेटचा गढूळपणा तेवढाच येतो." तुमच्या पोस्टमधलं हे वाक्य वाचून पोटात गोळा आला. (नवख्यांसाठी: ऑस्टिओपॉन्टिन हे हाडांत आणि दुधात असणारं एक प्रथिन.) वडोदऱ्यात पीएचडी करत होते तेव्हा माझ्या वहीत हीच तक्रार पानंच्या पानं लिहिलेली होती.

पीएच, तापमान, कंट्रोल हे तुम्ही पाहिलंच असणार, त्यात जात नाही. पण प्रथिन कुठून घेतलं हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझं घोडं तिथेच अडलं होतं.

माझं प्रथिन ई. कोलाय जिवाणूत तयार केलेलं होतं. डबीवर तसं छापलेलंही होतं. मी शुद्धता पाहिली, किंमत पाहिली, स्रोत वाचून सोडून दिला. अमिनो आम्लांची साखळी बरोबर आहे म्हणजे प्रथिन तेच, असं मी धरून चालले. ते तसं नसतं. आपल्या पेशींत साखळी तयार झाल्यावर गॉल्जी या पेशीतल्या भागात फॅम२०सी नावाचं एन्झाइम तिच्यातल्या ठरावीक सेरीनांवर (सेरीन हे एक अमिनो आम्ल) फॉस्फेट चढवतं. मानवी दुधातल्या ऑस्टिओपॉन्टिनवर अशा ३६ जागा सापडल्या आहेत, गाईच्या दुधातल्यावर २८. हे ऋणभारित फॉस्फेट वाढत्या स्फटिकाच्या कॅल्शियमला जाऊन चिकटतात आणि त्याची वाढ अडवतात. ई. कोलायकडे हे एन्झाइम नाही, म्हणून माझ्या प्रथिनावर हे फॉस्फेट नव्हतेच. नुसती साखळी अगदीच निकामी असते असं मी म्हणत नाही, तिच्यात ॲस्पार्टिक आम्लाची सलग रांग असतेच. पण मी वापरत होते त्या मात्रेला तिचा काही परिणाम दिसला नाही.

यात माझे दहा महिने गेले. कॅल्शियम कमी-जास्त केलं, बफर बदलले, शेवटी "ऑस्टिओपॉन्टिनचा परिणाम नाही" असं आख्खं प्रकरण लिहून काढलं. ते फाडताना रडू आलं होतं. फॉस्फेट आहेत की नाहीत हे मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंचं वजन मोजणाऱ्या चाचणीने) लवकर कळलं असतं, पण एका उपकरण केंद्राने (नाव घेत नाही) अर्ज तीनदा परत पाठवला. एकदा शिक्का नाही म्हणून, एकदा शिक्का चुकीच्या जागी म्हणून. तोवर मे महिना आला आणि सँपल त्यांच्याकडे टेबलावरच पडून राहिलं. विद्यार्थ्याचं वर्ष म्हणजे काय, हे खिडकीपलीकडच्या माणसाला कळायला हवं, असं मला आजही वाटतं.

माझं मत सांगते, तुमच्या गाईडचं वेगळं असेल तर आधी त्यांच्याशी बोला. गाईच्या दुधातलं ऑस्टिओपॉन्टिन मागवा. त्याच्या अर्ध्या भागावरचे फॉस्फेट अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमने काढून टाका आणि दोन्ही भाग शेजारी-शेजारी चालवा. एन्झाइम मण्यांना बांधलेलं घ्या, म्हणजे ते काढून टाकता येतं. सुटलेलं फॉस्फेटही डायलिसिसने (बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळून) घालवा, नाहीतर तेच नळीत खनिज वाढवेल आणि तुम्ही पुन्हा चकाल. पैसे कमी असतील तर आधी केसिन या दुधातल्या मुख्य प्रथिनावर हात बसवा. दुधात एवढं कॅल्शियम आणि फॉस्फेट असूनही ते तळाशी बसत नाही, कारण केसिनवरचे फॉस्फेटचे पुंजके त्यांना धरून ठेवतात.

पेशींवर काम करत असाल तर आणखी एक. व्हॉन कोसा रंग फॉस्फेट दाखवतो, ॲलिझरिन रेड कॅल्शियम. लाल दिसलं म्हणजे हायड्रॉक्सिॲपटाइट (हाडातलं खनिज) झालं असं लिहू नका, स्फटिकाची रचना दाखवणारं एक्स-रे डिफ्रॅक्शन करा.

तुमच्या पोस्टखाली कुणीतरी व्हिटॅमिन के आणि वॉरफॅरिन (रक्ताच्या गुठळ्या रोखणारी गोळी) यांचं विचारलंय. तिथे बदल वेगळा, पण गोष्ट याच जातीची. मॅट्रिक्स ग्ला या खनिज रोखणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाच्या ग्लुटामिक आम्लांवर व्हिटॅमिन केच्या मदतीने जादा कार्बॉक्सिल गट चढतो, आणि त्याशिवाय ते धमन्यांमधलं खनिज नीट रोखू शकत नाही. १९९७ मध्ये हे प्रथिनच नसलेल्या उंदरांचा अभ्यास छापून आला. त्यांच्या धमन्यांत इतकं कॅल्शियम साचलं की ते दोन महिन्यांच्या आत मेले. वॉरफॅरिन व्हिटॅमिन केचं चक्रच अडवतं. पण मी डॉक्टर नाही. हे वाचून घरातल्या कुणाचीही गोळी बंद करू नका किंवा व्हिटॅमिन सुरू करू नका. गुठळी झाली तर जीव जातो.

नवीन प्रथिन आलं की पहिल्याच दिवशी एक जेल चालवा, म्हणजे प्रथिनाची पट्टी वेगळी दिसेल. कूमासी या नेहमीच्या रंगाने पट्टी फिकी आली तर घाबरू नका, इतकं आम्लधर्मी प्रथिन तो रंग नीट धरत नाही. स्टेन्स-ऑल हा दुसरा रंग वापरा, निळी पट्टी दिसेल. आणि जुन्या डबीवर स्रोत काय छापलाय, ते आज रात्रीच बघून इथे लिहा.