खाण, कागद आणि वकील : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

डिसेंबर २०२२ मध्ये गोव्यातील पहिल्या चार खनिज ब्लॉकांचा लिलाव झाला. तेव्हापासून डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला आहे. पूर्वी ‘खाणी कधी सुरू होणार?’ असे विचारले जाई; आता ‘आमच्या दारात खाण सुरू होत आहे, आम्ही काय करावे?’ असे विचारले जाते. या वेळी अशा चार पत्रांना उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे व गावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या गावालगतचा ब्लॉक लिलावात गेला असून पर्यावरणीय दाखल्यासाठी जनसुनावणीची नोटीस वर्तमानपत्रात आली आहे. ब्लॉकच्या नकाशात आमची भातशेती, काही घरे आणि देवळाची जागाही आलेली दिसते. गावात दोन मते आहेत. काहीजण म्हणतात, सुनावणीला सगळ्या गावाने जाऊन विरोध केला की पुरे. काहीजण म्हणतात, आतापासूनच वकील करावा. पण कोर्टात प्रकरणच नसताना वकील काय करणार? (एक शेतकरी, डिचोली तालुका)

उत्तर : वकील करायची वेळ हीच आहे. खाणीच्या बाबतीत न्यायालय सगळ्यात शेवटी येते, आणि तिथे जे काही मांडायचे असते त्यातले बहुतेक सारे या नोटिशीपासून सुनावणीपर्यंतच्या दिवसांत कागदावर आलेले असावे लागते. जे तेव्हा लिहून दिले नाही, ते पुढे ‘हा मुद्दा तुम्ही सुनावणीत का मांडला नाही?’ या प्रश्नापाशी अडखळते.

१४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते आणि तिचे अध्यक्षपद जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी भूषवतो. तिला गणपूर्तीची अट नाही आणि तिथे मतदानही होत नाही. त्यामुळे शेकडो लोकांनी ‘आम्हाला खाण नको’ असे म्हटले, तरी ते इतिवृत्तात एका ओळीत मावते. उलट एकाच माणसाने ‘अहवालात आमची विहीर दाखवलेली नाही, तिचा सर्व्हे क्रमांक हा आहे, तिच्यावर अमुक घरे अवलंबून आहेत’ असे सांगून सही केलेला कागद हाती दिला, तर त्या मुद्द्याला उत्तर देणे प्रकल्पकर्त्याला भाग पडते आणि दाखल्याची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीला तो विचारात घ्यावा लागतो. गावाने एकत्र जाणे महत्त्वाचे आहेच, त्याने धीर येतो. पण पुढे अपिलात उपयोगी पडतो तो हा दुसरा कागद.

काही वर्षांपूर्वी एका गावात आम्ही हेच काम केले. एका घराच्या सोप्यावर गावाचा सर्व्हे नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार नारळ ठेवले आणि वयस्क मंडळींना एकेक विहीर, झर आणि ओहळ पेन्सिलीने दाखवायला सांगितले. दोन तासांत नकाशा खुणांनी भरला. मग अहवालातला नकाशा शेजारी ठेवला, तेव्हा दिसले की ज्या झरीचे पाणी मे महिन्यातही आटत नाही आणि जिच्यावर खालची सगळी कुळागरे (नारळ-सुपारीच्या बागा) उभी आहेत, ती अहवालात नव्हतीच. तिथे एक तुटक रेघ होती आणि ‘हंगामी नाला’ असा शिक्का होता. त्या दिवशी मी कायद्याचे एकही कलम उच्चारले नाही. तरीही आमच्या हरकतीतला सर्वात भक्कम परिच्छेद त्या सोप्यावर तयार झाला.

तुमच्या वकिलाने आता करायची कामे सांगतो. पहिले, अहवाल मिळवणे. तो जिल्हाधिकारी कार्यालयात आणि मंडळाच्या कार्यालयात पाहण्यासाठी ठेवावाच लागतो, तेव्हा त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करून ३० दिवस वाट पाहत बसू नका. सारांश स्थानिक भाषेत असतो, पण मूळ अहवाल इंग्रजीत आणि जाडजूड असतो, आणि नेमकी गोम बहुधा मूळ अहवालाच्या परिशिष्टांत असते. दुसरे, गावातल्या प्रत्येक बाधित जमिनीचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा, काढून पाहणे. कब्जेदार म्हणून कोणाचे नाव आहे, कुळाच्या रकान्यात कोण आहे, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) म्हणून घराची नोंद झाली आहे का, कोमुनिदादीची (गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या संस्थेची) जमीन किती, हे आताच स्पष्ट व्हायला हवे. खाण लीज म्हणजे जमिनीची मालकी नव्हे, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसते. लीजधारकाला खनिज काढण्याचा हक्क मिळतो. पृष्ठभागावर ज्याचा कब्जा आहे त्याला झालेल्या किंवा होऊ घातलेल्या नुकसानीची भरपाई देण्याची जबाबदारी १९५७ च्या खाण व खनिज कायद्याच्या कलम २४-अ ने लीजधारकावर टाकली आहे. मात्र ज्या कुळाचे नाव उताऱ्यावर नाही, त्याला आधी स्वतःचा कब्जा सिद्ध करण्यातच वर्षे घालवावी लागतात.

तिसरे काम सुनावणीच्या दिवशीचे. लेखी हरकत देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. सुनावणी संपताना इतिवृत्त उपस्थितांना वाचून दाखवून स्थानिक भाषेत समजावून सांगणे बंधनकारक आहे. तोवर बहुतेक लोक घरी गेलेले असतात आणि नेमके तेव्हाच वकिलाने पुढे उभे राहून आपला मुद्दा जसाच्या तसा आला आहे की नाही हे पाहायचे असते. चौथे, दाखला निघाल्याच्या तारखेवर लक्ष ठेवणे. त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करावे लागते. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत विलंब माफ होऊ शकतो. त्यानंतर लवादालाही ते अपील ऐकण्याचा अधिकार उरत नाही, मग तुमची बाजू कितीही न्याय्य असो. केवळ तारीख चुकल्याने हातची गेलेली प्रकरणे मी पाहिली आहेत, आणि त्यांचे दुःख हरलेल्या प्रकरणांपेक्षा जास्त असते.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात जुन्या डंपावरची (खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगावरची) माती ओहळातून येऊन आमच्या शेतात साचली. वायंगण (हिवाळी भातपीक) करता आले नाही. पंचायतीला अर्ज दिला, पण उत्तर नाही. आता काही महिने लोटले आहेत. जिची ती खाण होती ती कंपनी म्हणते की, खाण बंद असल्यामुळे आमची जबाबदारी नाही. (एक वाचक भगिनी, सत्तरी तालुका)

उत्तर : प्रथम मुदतीविषयी. हरित लवाद कायदा, २०१० च्या कलम १४ खाली पर्यावरणविषयक वाद नेण्याची मुदत कारण प्रथम घडल्यापासून ६ महिने आहे, तीही फार तर ६० दिवसांनी वाढते. कलम १५ खाली नुकसानभरपाई आणि जमीन पूर्ववत करून मागण्यासाठी ५ वर्षांची मुदत आहे. म्हणजे तुमचा भरपाईचा मार्ग खुला आहे, पण इतर आदेश हवे असतील तर हे पत्र छापून येण्याचीही वाट पाहू नये, म्हणून आपल्याला आधीच टपालाने कळवले आहे. गोव्यातील प्रकरणे लवादाच्या पुणे येथील पश्चिम विभागीय खंडपीठाकडे जातात.

कंपनीचे म्हणणे मानू नका. खाण बंद झाली म्हणून डंपाची जबाबदारी संपत नाही. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी हे तत्त्व लवादाने लागू करावे असे त्याच कायद्याचे कलम २० सांगते. शिवाय २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्याच प्रकरणात लीजक्षेत्राबाहेर डंप टाकणे कायद्यात बसत नाही असे स्पष्ट केले आहे. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हा विचारा की तो डंप लीजच्या हद्दीत आहे की हद्दीबाहेर. त्या उत्तरावर दाव्याची मांडणी बदलेल. कंपनीसोबत राज्य सरकार, खाण खाते आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनाही प्रतिवादी करावे, म्हणजे कोणीही दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटणार नाही.

पुरावा मात्र तुम्हालाच जमवावा लागेल. विभागीय कृषी कार्यालयाकडे लेखी अर्ज करून पंचनामा मागा आणि त्यात गाळाची जाडी वितीत किंवा अंदाजाने न लिहिता सेंटिमीटरमध्ये, शेताच्या निदान चार ठिकाणी मोजून नोंदवायला सांगा. छायाचित्रात बांध, माड किंवा विजेचा खांब असे काहीतरी हलत नसलेले येऊ द्या, म्हणजे पुढच्या पावसानंतर त्याच जागेवरून पुन्हा छायाचित्र घेता येईल. ओहळाचे पाणी लालसर असतानाच मंडळाला नमुना घेण्यास कळवा. पाणी निवळल्यावर घेतलेला नमुना तुमच्याच विरुद्ध वापरला जातो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. दरवर्षी पिकापोटी थोडी रक्कम देऊन पावती घेण्याची पद्धत खाणपट्ट्यात जुनी आहे. पैसे घेण्यात गैर काही नाही. परंतु त्या पावतीवर ‘माझा आता कोणताही दावा उरलेला नाही’ असे वाक्य छापलेले असेल, तर वकिलाने वाचल्याशिवाय सही करू नका. एका हंगामाच्या भाताच्या किमतीत वीस वर्षांच्या शेताचा हक्क सोडून दिलेली माणसे माझ्याकडे येऊन बसली आहेत, आणि त्यांना सांगण्यासारखे माझ्यापाशी फार थोडे होते.

प्रश्न : मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडिलांचे दोन ट्रक होते. २०१८ च्या बंदीनंतर ते विकावे लागले. मला खाण कंपनीच्या विधी विभागात काम करण्याची इच्छा आहे, पण मित्र म्हणतात की ते काम म्हणजे कायद्यातून पळवाटा शोधणे. हे खरे आहे का? (एक विद्यार्थी, सांगे तालुका)

उत्तर : तुमच्या वडिलांचे ट्रक का विकावे लागले हे नीट तपासले, तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच सापडेल.

पोर्तुगीज राजवटीने दिलेल्या कायमस्वरूपी सवलतींचे १९८७ च्या कायद्याने २० डिसेंबर १९६१ पासून लिजांमध्ये रूपांतर झाले. त्या लिजांच्या पहिल्या नूतनीकरणाची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली. पुढे खाणी चालूच राहिल्या. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला, राज्य सरकारने १० सप्टेंबरला खाणी थांबवल्या, आणि २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर २००७ ते १० सप्टेंबर २०१२ या काळातले सारे खाणकाम बेकायदा ठरवले. त्यानंतर लिलाव न करता ८८ लिजांचे पुन्हा नूतनीकरण झाले. १२ जानेवारी २०१५ रोजी लिलावाची सक्ती करणारा अध्यादेश आला तो याच सुमारास. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ही ८८ नूतनीकरणे रद्द केली आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद झाल्या.

या सगळ्या काळात कंपन्यांकडे वकील नव्हते असे नाही. नामांकित वकील होते. सरकारी आदेश हाती होता, शिक्का होता, रॉयल्टी भरलेली होती. कमी होते ते एवढेच सांगणारा माणूस की ‘ही परवानगी मिळाली आहे, पण ती टिकणारी नाही, हिच्या भरवशावर कर्ज काढू नका आणि लोकांना ट्रक घ्यायला लावू नका.’ माझ्या मते कंपनीच्या वकिलाचे हेच खरे काम आहे. पळवाट शोधून देणारा वकील मालकाला एक हंगाम मिळवून देतो आणि त्या हंगामावर विसंबलेले ट्रकमालक, बार्जवाले, गॅरेजवाले नंतर त्याची भरपाई करत बसतात.

रोजचे काम तसे रुक्ष आहे. भारतीय खाण ब्युरोने मंजूर केलेला खाण आराखडा, पर्यावरणीय दाखला, १९७४ च्या जल आणि १९८१ च्या वायू कायद्याखालील मंडळाची संमती, भूजल उपसा, वनक्षेत्र असेल तर त्याची मंजुरी, कामगार सुरक्षेचे नियम, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा हप्ता : या प्रत्येकाची मुदत, अट आणि मर्यादा वेगळी. दाखल्यातील वार्षिक टनांपेक्षा जास्त माल काढला, तर तेवढा माल बेकायदा ठरून त्याची पूर्ण किंमत वसूल होऊ शकते. २ ऑगस्ट २०१७ च्या ओडिशाच्या प्रकरणातील निकालाने ते पक्के केले आहे. म्हणून पहिल्या नोकरीत कलमांपेक्षा आधी वजनकाट्याच्या नोंदी आणि वाहतूक परवाने वाचायला शिका. आणि वर्षातून निदान एकदा, पावसात, डंपाच्या पायथ्याशी उभे राहून पाणी कुठे जाते ते स्वतः पाहा. इतर कोणी वकील तिथे जात नाही.

तुम्ही जरूर त्या क्षेत्रात जा. ज्याच्या घरातून ट्रक गेले आहेत, असा माणूस त्या खुर्चीत बसणे मला आवश्यक वाटते.

प्रश्न : आमच्या प्रकरणात एक वकील आगाऊ फी न घेता भरपाईतील वाटा मागत आहेत. ज्या खाण कंपनीविरुद्ध आमचे प्रकरण आहे, तिचेच काम त्यांनी पूर्वी केले होते असेही कळते. हे चालते का? आमच्याकडे फीसाठी पैसे नाहीत. (एक वाचक, सांगे तालुका)

उत्तर : वाट्याची अट चालत नाही. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळकतीत वाटा घेणे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलाला मना केले आहे. त्याच प्रकरणात कंपनीला सल्ला दिला असेल, तर तेच वकील तुमच्या बाजूने उभे राहू शकत नाहीत. काम वेगळे होते की हेच, ते त्यांना सरळ विचारा आणि उत्तर लेखी मागा.

पैशांचे म्हणाल तर, लवादाकडे भरपाई मागताना मागितलेल्या रकमेच्या १ टक्का, किमान १,००० रुपये शुल्क लागते, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे. स्वतःची बाजू स्वतः मांडण्याचीही मुभा आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना विनाशुल्क वकील मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, म्हणून एक-चौदाच्या उताऱ्यावर आपल्या पत्नीचे किंवा आईचे नाव असेल तर तिच्या नावाने अर्ज करता येईल. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे द्यावा. तो स्थानिक भाषेत लिहिला तरी स्वीकारला जातो.