चार आकडा, चार रात्री

“मॅडम, हिला काही सांगू नका. शेवटची स्टेज आहे.”

बाई आत माझ्या खोलीत बसल्या होत्या. त्यांच्या यजमानांनी मला दारातच गाठलं आणि खिशातून मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीचा, रिपोर्ट काढला. तो घड्या पडून मऊ झाला होता. चार दिवस कपाटात कपड्यांखाली ठेवलेला. रात्री बायको झोपली की हे मोबाइलवर ‘कॅन्सर 4’ शोधत बसायचे.

रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : बायरॅड्स 4बी.

हा आकडा आणि स्टेजचा आकडा यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. बायरॅड्स ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची पद्धत. फोटो बघून रेडिओलॉजिस्टला किती शंका येते, ते 0 ते 6 या आकड्यांत लिहितात. 4 म्हणजे शंका आहे, बायोप्सी करून बघा, म्हणजे त्या भागाचा छोटा तुकडा काढून तपासा. 4ए असेल तर कॅन्सर निघण्याची शक्यता 2 ते 10 टक्के, 4बीला 10 ते 50, 4सीला 50 ते 95. (गंमत म्हणजे 0 बघून लोक निर्धास्त होतात. 0 म्हणजे तपासणी अपुरी आहे, अजून फोटो लागतील.) मुळात कॅन्सर आहे की नाही हेच ठरलेलं नसताना स्टेज कुठून येणार?

हे ऐकून ते खुर्चीत बसले ते बराच वेळ बोललेच नाहीत. बोलल्या त्या बाई. “मला चार दिवसांपूर्वीच कळलं होतं काहीतरी आहे. हे एवढं गोड कधी बोलत नाहीत.”

चुकीच्या अर्थाने घाबरणं मी समजू शकते. पण ज्याचा रिपोर्ट त्यालाच तो न दाखवणं मला पटत नाही, आणि हे मी त्यांना तिथेच सांगितलं. बाईंनी ते चार दिवस काय काय कल्पना केल्या असतील!

बायोप्सीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आणि काढलेल्या गाठीच्या तपासणीचा, म्हणजे पॅथॉलॉजीचा, रिपोर्ट घेऊन दोघं पुन्हा आले. या वेळी यजमानांनी लाल पेनाने सगळ्या ‘पॉझिटिव्ह’ शब्दांना गोल केले होते. कोरोनाने आपल्याला शिकवलंय ना, पॉझिटिव्ह म्हणजे वाईट!

त्यांचा सर्वांत मोठा गोल ‘ईआर पॉझिटिव्ह’ला होता. खरं तर ही उपयोगाची बातमी. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. गाठीच्या पेशी इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढतात, म्हणून ते हार्मोन अडवणाऱ्या गोळ्या तिथे चालतात. ‘मार्जिन निगेटिव्ह’ म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत. सगळ्यांत फसवा निघाला तो ‘हर-2 : 1+’. हर-2 हे पेशींवरचं एक प्रथिन. अधिकचं चिन्ह दिसतं, पण 1+ निगेटिव्हच धरतात. 3+ पॉझिटिव्ह, आणि 2+ आला तर सहसा आणखी एक तपासणी करतात.

‘इन्व्हेझिव्ह’ शब्दावर बाईंचं बोट अडलं होतं. “म्हणजे अंगभर गेला?” नाही. दुधाच्या नळीच्या भिंतीबाहेर आजूबाजूच्या भागात शिरला, एवढंच तो शब्द सांगतो.

मग ग्रेड आणि स्टेज. रिपोर्टवर ग्रेड 2, डॉक्टर म्हणाले स्टेज 1. यजमानांना वाटलं, दोघांपैकी कोणीतरी चुकलंय. मी म्हटलं, ग्रेड हा गाठीचा स्वभाव, स्टेज हा तिचा पसारा. पेशी नेहमीच्या पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात, किती वेगाने दुभंगतात, त्यावरून 1 ते 3 ग्रेड. गाठ केवढी, काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचली का, दुसऱ्या अवयवात गेली का, त्यावरून स्टेज. यांची गाठ 1.4 सेंटिमीटर, तपासलेल्या तिन्ही ग्रंथी स्वच्छ. मधल्या स्वभावाची गाठ लवकर हाती लागली, इतकाच त्या दोन आकड्यांचा मेळ.

पुढचे उपचार ठरवणं माझं काम नव्हे. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मात्र आम्ही तिघांनी मिळून कागदावर लिहिले. गोळ्या किती वर्षं, रेडिएशन कशासाठी, केमो लागेल का. निघताना यजमानांनी सवयीने फाइल काखोटीला मारली.

बाईंनी ती काढून घेतली. लाल पेनही.