पाय दोन महिने प्लास्टरमध्ये असला तर नवीन हाड बनायचं थांबतं का?

थांबत नाही, मंदावतं, पण त्याच वेळी जुनं हाड झिजणं जोरात सुरू होतं, खरी गोची तिथे आहे. हाडात ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी असतात, चालताना पडणारा भार त्यांना कळतो, आणि भार गेला की त्या स्क्लेरोस्टिन नावाचं प्रोटीन जास्त सोडतात, ते हाड बांधणाऱ्या पेशींना ब्रेक लावतं. पोखरणाऱ्या पेशी मात्र सुटलेल्याच. निघालेलं कॅल्शियम लघवीवाटे जातं, म्हणून खूप दिवस अंथरुणाला खिळलेल्यांना मुतखड्याचा पण धोका. अंतराळवीरांचं बघा, तिथे हाडांवर भारच पडत नाही, खुब्याचं हाड महिन्याला साधारण १ ते १.५ टक्का कमी व्हायचं, तेही एवढ्या धडधाकट माणसांचं!

आमच्या म्हापशात कोणी स्कूटरवरून पडून प्लास्टर घातलं की शेजारी तारले मासे नाहीतर नाचण्याचं तिझन, म्हणजे गोड पेज, घेऊन हजर. खा बिनधास्त, पण नुसत्या कॅल्शियमने पायावर भार येत नाही ना! डॉक्टर हो म्हणाले की वॉकर धरून हळूहळू वजन टाकायला लागा, त्याआधी नको, आणि फिजिओ चुकवू नका. प्लास्टर काढल्यावर बारीक झालेली पोटरी त्यामानाने लवकर भरते, हाड भरायला मात्र कित्येक महिने लागतात.