इम्युनोथेरपीने भाचीचा डोळा वाचेल का?

तुम्ही लिहिलंय की अडीच वर्षांच्या भाचीला रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर आहे, ग्रुप ई म्हणजे ए ते ई मधला सगळ्यात पुढचा टप्पा, डॉक्टर डोळा काढायला सांगतायत आणि घरचे म्हणतात इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीकडून कॅन्सर मारायचा उपचार येतोय, थोडं थांबू. थांबू नका. आमच्या घरात हाच वाद आठ वर्षं चाललाय, म्हणून लिहायला बसले.

माझी लेक तेव्हा दोन वर्षांची. सोलापुरात गड्ड्याची जत्रा, होम मैदानावर पाळण्यापाशी तिचा फोटो काढला. फ्लॅशमध्ये एक डोळा लाल आला, दुसरा पांढरा. सासूबाई म्हणाल्या, मांजरडोळी आहे, नशीबवान निघेल. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. आठवड्याने हैदराबादला नेलं. भूल देऊन तपासलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, डोळा गेलेला आहे, आता मूल वाचवायचं.

मोठे दीर आडवे आले. मुलीची जात, लग्न कसं होणार, आणि अमेरिकेत नवीन औषध निघालंय, ते येऊ दे. ह्यांचं भावापुढे काही चाललं नाही. एकोणीस दिवस गेले. डोळा लाल झाला, लेक डोकं धरून रडायची. शेवटी मी माहेरच्या माणसांना घेऊन हैदराबादची गाडी धरली. रिपोर्टमध्ये गाठ डोळ्यामागच्या नसेत शिरलेली होती. कापलेलं टोक साफ होतं, एवढंच नशीब. तरी सहा केमो घ्याव्या लागल्या. गाठ त्या एकोणीस दिवसांतच नसेत उतरली हे मला सिद्ध करता येत नाही, पण माझ्या मनातून ते जात नाही.

तेच दीर अजून नव्या औषधांच्या बातम्या पाठवतात, 'बघ, थांबलो असतो तर'. म्हणून मी सगळं वाचून काढलं. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरवर चालणारी चेकपॉइंट औषधं (रोगप्रतिकारक पेशींचा ब्रेक सोडणारी) इथे फारशी कामाची नाहीत. या गाठीत मुख्य बिघाड आरबी१ या एकाच जनुकाचा असतो, बाकी बदल मोजके, त्यामुळे रोगप्रतिकारक पेशींना परकं म्हणून ओळखायला खुणा कमी. एक खूण मात्र आहे, गाठीच्या पेशींवरची जीडी२. ती न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या दुसऱ्या कॅन्सरवरही असते आणि त्या आजारासाठी जीडी२ वर मारा करणारं डिनुटुक्सिमॅब हे औषध अमेरिकेत २०१५ साली मंजूर झालं. रेटिनोब्लास्टोमासाठी जीडी२ वरची औषधं आणि कार-टी (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी प्रयोगशाळेत बदलून परत देणं) अजून संशोधनातच आहेत, आणि त्यांच्याकडून मुख्य आशा आहे ती डोळ्याबाहेर पसरलेल्या आजारात. ग्रुप ईच्या दुखऱ्या, लाल डोळ्यात दृष्टी परत आणायला नव्हे.

डोळा काढल्यावर खोबणीत छोटा गोल गोळा बसवतात, काही आठवड्यांनी वरून कृत्रिम डोळा. माझी लेक आता चौथीत आहे, तो स्वतः काढून धुते.

मी डॉक्टर नाही. ग्रुप बी, सी, कधीकधी डी असेल तर लेझर, मेल्फालन हे केमोचं औषध थेट डोळ्याच्या धमनीत सोडणं, असे उपाय आहेत आणि डोळा राहू शकतो. हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. दुसऱ्या केंद्राचं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण याच आठवड्यात. सुईने तुकडा काढून तपासू असं कुणी म्हटलं तर लगेच हो म्हणू नका, पेशी बाहेर पसरायची भीती असते.

आणि भाचीला धाकटं भावंड आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. असेल तर त्याचेही डोळे बाहुल्या मोठ्या करून तपासून घ्या. आमच्या धाकट्याचे महिन्याचा असतानाच तपासले होते.