उपचारांच्या काळातले चालणे-खेळणे

ताई, रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाल्यापासून तुम्ही मुलाला अंथरुणातून उठूच देत नाही, असे म्हणालात. माझ्या मुलीच्या वेळी मीही पहिले दोन महिने हेच केले आणि त्याची खंत आजही वाटते. व्हिन्क्रिस्टीन या केमोथेरपीच्या औषधामुळे पायांचे मज्जातंतू दुबळे होतात, स्टेरॉइडमुळे मांड्यांचे स्नायू झिजतात, आणि त्यात हालचाल थांबली की मुलाला हात टेकल्याशिवाय जमिनीवरून उठता येत नाही. घरात स्वच्छ फरशीवर त्याला अनवाणी चालवून पाहा. टाच आधी टेकण्याऐवजी पाऊल पुढून फटकन आपटत असेल, तर फिजिओथेरपिस्टला लगेच दाखवावे. सुरुवातीला पाच-पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा पुरे. आम्ही फुगा खाली पडू न देण्याचा खेळ खेळायचो, तेव्हा आपला व्यायाम होतो आहे हे तिला कळतही नसे.

प्लेटलेट (रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी) कमी असताना उड्या, सायकल आणि धक्काबुक्कीचे खेळ टाळावेत. कोणत्या आकड्याला काय चालेल, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. ताप आला, तर व्यायाम राहू द्या आणि तडक रुग्णालय गाठा. खुब्यात किंवा गुडघ्यात सतत दुखत असेल, तर तो थकवा समजू नका, कारण स्टेरॉइडमुळे हाडाचा रक्तपुरवठाही बिघडू शकतो.